सातजणींचा एक जून

गेल्या वर्षी एक जूनला मला माझीच हनुवटी भरवण्यात आली.

त्या दिवशी आमच्या पाळणाघराचा संस्थापक दिन असतो. आम्ही संस्थापक सातजणी; सहाजणी गेल्या, मी उरले. हल्ली केकवर फोटो छापून मिळतात, तर आम्हा सातजणींचे चेहरे एका भल्यामोठ्या पांढऱ्या केकवर छापून आणले होते. सेक्रेटरीबाईंनी सुरी माझ्या हातात दिली, वरून आपला हात ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून माझ्या एका कैलासवासी मैत्रिणीच्या कपाळात सुरी खुपसली ती थेट दुसरीच्या गळ्यापर्यंत ओढत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक तुकडा माझ्या तोंडासमोर आला. त्यावर माझी हनुवटी होती आणि खाली मंगळसूत्राचे दोन मणी. मी म्हटलं, मला साखर चालत नाही. त्या म्हणाल्या, आजी, आजचा दिवस. आणि कोंबलाच. ती तेलकट, औषधी वासाची मलई टाळूला अशी चिकटली की संध्याकाळपर्यंत चुळा भरत होते.

समोर सातजणींचे फोटो ओळीने मांडलेले, प्रत्येकीला लाकडाच्या चकत्यांचा, चंदनी म्हणवणारा हार. माझ्याही फोटोला. मंडपवाल्याला सात हार सांगितले होते, त्याने सात घातले. जिवंतपणी आपल्या फोटोला घातलेला हार पहिल्या रांगेत बसून बघणं आणि वर आपलीच हनुवटी गिळणं, एवढं भाग्य नाशकात फार थोड्या बायकांना लाभलं असेल.

पण खरी शिसारी आली ती पाहुण्यांच्या भाषणाने. ते म्हणाले, या सात मातांची जन्मतारीख एकच, एक जून. सातजणी एकाच दिवशी जन्माला याव्यात आणि त्यांच्याच हातून हे कार्य उभं राहावं, ही दैवी योजना नाही तर काय? मागच्या रांगेतल्या एक बाई लगेच नक्षत्राचं काहीतरी सांगू लागल्या. सेक्रेटरीबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. माझ्या तोंडात केक होता म्हणून मी गप्प बसले. नाहीतर हसले असते.

आमच्या पिढीत निम्मी जनता एक जूनला जन्मलेली आहे. बाप पोराला घेऊन शाळेत जायचा, मास्तर विचारायचे जन्म कधीचा, बाप डोकं खाजवायचा आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तोवर वय बसलं म्हणजे झालं. मी जन्मले मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत, असं आई मरेपर्यंत सांगत होती. पण दाखल्यावर एक जून. बाकीच्या सहाजणींचंही तेच. त्यात दैवी काही असलंच, तर मास्तरांचा कंटाळा.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरीबाईंनी जाहीर केलं की पुढच्या संस्थापक दिनी दारात काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसणार, सातजणींची नावं आणि जन्मतारीख कोरून. पाटी देणार माझा पुतण्या, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. आपल्या आईचं नाव दगडात कोरलं जाणार म्हणून त्याचे डोळे पाणावले होते. मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण जाऊबाईंनी त्या पाळणाघरात उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

बाहेर हात धुवायला गेले तर तिथे संस्थेतली एक सेविका ताटल्यांवरचे चेहरे खरवडून बादलीत टाकत होती. तिशीतली, दोन मुलांची आई, पेठ तालुक्याकडची. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आजी, माझी आजी म्हणती, इथली पहिली पोरं तिनंच सांभाळली. खरं हाय का?”

मी विचारलं, आहे का गं ती अजून?

“हाय की. दाढा गेल्या, पण बाकी समदं हाय.”

आता मला त्या दिवसांत जावं लागणार, आणि तिथे एक बाई उभी आहे जिचा मला अतोनात वीट आहे. ती म्हणजे मी.

लग्न होऊन गंगापूर रोडला नव्या बंगल्यात आले होते. बी.ए. झालेली, अक्षर सुंदर, आणि दोन्ही गोष्टी समोरच्याला पाच मिनिटांत कळतील अशी व्यवस्था करणारी. समोर दुसऱ्या बंगल्यांचं बांधकाम चालू होतं. भात कापून झालं की पेठ-सुरगाण्याकडून बायका नाशकात यायच्या आणि तिथे घमेली वाहायच्या. पोरं उन्हात, वाळूत, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर. दुपारी ती रडायची आणि माझी झोप मोडायची. संस्थेच्या पुस्तिकेत छापलंय की ‘ते आक्रंदन ऐकून त्यांचे मातृहृदय द्रवले.’ द्रवलं कसलं. मी खिडकी लावून घेतली आणि तरी आवाज येत राहिला, म्हणून तक्रार करायला गेले.

जाऊन बघते तर निंबाखाली चौदा पोरं आणि त्यांच्या मध्ये एक बाई. माझ्याहून थोडी मोठी असेल. काही दिवसांपूर्वी एक रांगतं पोर चुन्याच्या खड्ड्यापर्यंत गेलं होतं. त्या दिवशी हिने घमेलं खाली ठेवलं आणि मुकादमाला सांगितलं, उद्यापासून मी पोरं बघणार, माझ्या वाटची घमेली ह्या बायका वाहतील आणि माझी हजेरी लागत राहील. बायकांनी तिच्या वाटची घमेली आपसात वाटून घेतली. मुकादमाचं काहीच बिघडत नव्हतं, तो हो म्हणाला. एवढंच. ठराव नाही, उद्घाटन नाही. माझ्या मते नाशकातल्या कुठल्याही संस्थेची स्थापना इतकी नीट झालेली नाही.

ती पाणी मारायच्या हौदावर पोरांना ओळीने धुवायची. मोठ्या डेचकीत नागलीची पेज करून एकाच वाटीने सगळ्यांना पाजायची. शेंबूड आपल्या बोटांनी काढायची आणि बोटं निंबाच्या खोडाला पुसायची. ते खोड एका बाजूने चकाकत होतं. मी खळ दिलेल्या सुती साडीत, नाकाला कोलनवॉटरचा रुमाल लावून, दहा हातांवर उभी. मला ओकारी येत होती आणि आपण किती दयाळू आहोत हेही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि तरुण असताना तर फारच छान जमतं.

तर अशी माझी समाजसेवा सुरू झाली. चिठ्ठ्या लिहिल्या, ओळखी काढल्या, पत्र्याची शेड मिळवली, दूध पावडरचे डबे मिळवले. ते मी केलं, नाही कशाला म्हणू. आणि मग संस्था नोंदवायची ठरली. त्याला सातजणी लागतात. हळदीकुंकवाच्या माझ्या पाच मैत्रिणी तयार झाल्या, सहावी मी. सातवी ती निंबाखालची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मीसुद्धा.

फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना होता. मी तिला विचारलं, तर तिला ठाऊक नव्हतं. विचारून ये म्हटलं. ती दोन दिवस काम टाकून गावी गेली, घाट ओलांडून, आणि परत आली. तिच्या आईने सांगितलं होतं की नागलीच्या कापणीला झाली, ज्या साली वाघाने त्यांचा बैल नेला त्या साली. हे तिने मला फार नेमकेपणाने सांगितलं, दोन दिवस घोकत आल्यासारखं. आणि मी, बी.ए. झालेल्या मी, पेन उघडून तिला विचारलं, “वाघाची तारीख काय होती?”

मैत्रिणी खो खो हसल्या. मला फार बरं वाटलं होतं. माझ्या विनोदांना सहसा कुणी हसत नसे.

कचेरीतला कारकून म्हणाला होता, बाई, एक जून टाका, सगळे तेच टाकतात. पण मी मान ताठ करून सांगितलं की संस्थेच्या पहिल्याच कागदावर मी खोटी तारीख लिहिणार नाही. वर माझ्याच सुंदर अक्षरात, माझ्याच नावापुढे, एक जून लिहिलेला होता. शाई अजून ओली असेल. खरं कारण तारीख नव्हतंच. त्या कागदावर सहा वळणदार सह्यांच्या खाली एक काळपट अंगठा उमटणार, आणि मग मीटिंगला ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसणार, याची मला किळस येत होती. मी घरी जाऊन जाऊबाईंची सही घेतली. त्यांना वाटलं रेशनचा कागद आहे.

उद्घाटनाला फोटो निघाला. सातजणींच्या कडेवर सात स्वच्छ पोरं. सातवीला, म्हणजे जाऊबाईंना, डोकं दुखत होतं. त्यांच्या जागी शेजारची कुणी उभी राहिली आणि पुढे तिचाच चेहरा जाऊबाईंचा म्हणून खपला, कारण फोटो धूसर आहे आणि पदर कपाळावर ओढलेला; पुतण्यालाही कधी शंका आली नाही. पोरं निंबाखालच्या तिनेच सकाळपासून घासून तयार करून दिली होती. माझ्या कडेवरच्या पोराने माझी साडी भिजवली, मी ते दोन हातांनी लांब धरून तिला परत दिलं, आणि फोटोग्राफर म्हणाला हसा. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे डाग दिसत नाही. हसू दिसतं. गेली कित्येक वर्षं ते संस्थेच्या प्रत्येक पत्रकावर आहे.

वर्षभराने शेड हलली, पक्की खोली झाली. समितीने ठरवलं की शिकलेली बाई हवी. ठरावाचा मसुदा कोणाच्या अक्षरात आहे ते सांगायला नको. ती गावी गेली. जाताना मला भेटायला आली नाही, आणि मी ते तिच्या अडाणीपणात जमा केलं.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या नातीबरोबर, म्हणजे ताटल्या खरवडणाऱ्या त्या सेविकेबरोबर, मी तिच्या गावी गेले. ती खळ्यात बसून सुपात नागली पाखडत होती. सूप थांबलं नाही. नातीने सांगितलं कोण आलंय. तिने एकदा वर बघितलं.

“वास येतो का अजून?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही गं. आता माझ्याच अंगाला येतो. यावर ती थोडी हसली असावी. कोंड्यामुळे नीट दिसलं नाही.

मी घोकून गेले होते. पाटी बसणार आहे, तिच्यावर तुझं नाव घालायचं आहे, माझं चुकलं. बरंच बोलले, मला बोलायची सवय आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटत होतं की आता ती म्हणेल जाऊ दे ताई, देव तुझं भलं करो, आणि मी डोळे पुसत घरी परतेन. साठ वर्षं उलटली तरी बाई आपल्याच गोष्टीतली नायिका असते.

“तू मला वाघाची तारीख इचारली व्हतीस,” ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. “माझं नाव घाल नायतर नको घालू. मला वाचता येत नाय. पण ती तुझी जाव, ती आलीच नव्हती. एक पोर उचललं नाय तिनं. तिचं नाव काढ.”

आणि पुन्हा सूप उचललं. तिला कुणी सांगितलं जाऊबाईंचं, मी विचारलं. म्हणाली, जागा माझी व्हती, कुणी बसलंय ते बघणार नाय का मी?

आता हे प्रकरण सोपं राहिलं नाही. तिचं नाव वाढवायचं असतं तर मी थोर ठरले असते. जाऊबाईंचं काढायचं म्हणजे सांगावं लागणार की सही मी फसवून घेतली, आणि ज्याच्या पैशाने पाटी बसणार त्याच्याच आईला दगडावरून पुसायचं. घरातला एकुलता एक पुतण्या. माझी औषधं आणणारा.

आधी मी सेक्रेटरीबाईंकडे गेले आणि शेपूट घालून फक्त नाव वाढवायचंच बोलले. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, जन्मतारीख? नातीने आपल्या आजीचं आधारकार्ड दाखवलं. कार्ड काढणाऱ्यालाही तारीख मिळाली नव्हती, त्याने एक जानेवारी टाकली होती. सेक्रेटरीबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, आजी, मग त्या आपल्या दिवसात बसत नाहीत. सात माता, एक तारीख, हीच तर आपली ओळख आहे. पत्रिका छापून झाल्यात. आठवं नाव आणि तेही जानेवारीचं म्हणजे सगळंच विस्कटेल. शिवाय कागदोपत्री पुरावा काय?

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या बोलत होत्या आणि मला माझंच पेन उघडलेलं दिसत होतं. तोच टापटीप आवाज, तीच काळजी कागदाची. मीच घडवलेली बाई.

पुतण्याला घरी बोलावून सगळं सांगितलं. तो बराच वेळ चहात बोट बुडवून साय काढत राहिला. मग म्हणाला, “काकू, आई गेली. आता तिला त्या दगडावरून तरी ढकलू नका.” चहा तसाच ठेवून गेला. त्या आठवड्यात औषधं आली नाहीत, मी रिक्षा करून आणली.

या वर्षीचा एक जून उजाडला. उन्हाने मंडपाचं कापड तापलेलं, फुलांचे बुके प्लास्टिकमध्ये घामेजलेले, पेढ्यांना तूप सुटलेलं. दाराशी पाटी, तिच्यावर गुलाबी साटिनचा पडदा आणि पडद्याला दोरी. दोरी ओढायची मी. त्याआधी दोन शब्द. मला दोन शब्द बोलायला सांगणं ही संस्थेची जुनी चूक आहे.

मी म्हटलं, मार्गशीर्षात जन्मलेल्या मला एक जूनच्या शुभेच्छा दिल्याबद्दल आभार. लोक हसले. मग सांगितलं की या पडद्यामागे सात नावं आहेत, त्यातलं सातवं खोटं आहे, आणि ते मी लिहिलं आहे. जाऊबाईंना मी फसवलं. त्यांचा यात काडीचा दोष नाही. जिने हे पाळणाघर सुरू केलं तिला मी कागदावरून काढलं, कारण मला तिच्या शेंबडाच्या हातांची किळस येत होती. “ही दोरी मी ओढणार नाही. दुसऱ्या कुणाला ओढायची असेल तर ओढा, मी बसून बघते.”

कुणीतरी माईकचा आवाज कमी केला आणि स्पीकरवर सनई लावली. सेक्रेटरीबाईंनी माझ्या दंडाला धरून, आजींना ऊन लागलं, असं सगळ्यांना सांगत मला खुर्चीवर बसवलं. सरबत आणलं. पाहुणे दोरीकडे बघत होते, सेक्रेटरीबाई पुतण्याकडे. पुतण्या उठला, मला वाटलं ओढणार. पण तो माझ्याकडे न बघता मंडपाबाहेर गेला आणि गाडीत बसून राहिला. त्याच्या आईच्या दगडाला हात लावायची मग कुणाची छाती झाली नाही. लोक पेढे खाऊन गेले.

पंधरा दिवसांनी त्याचाच माणूस येऊन सातवी ओळ घासून गेला. का, ते पुतण्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. औषधं पुन्हा येऊ लागली आहेत. दारात ठेवून जातो, आत येत नाही. मोकळ्या ओळीत तिचं नाव घालायचं की नाही, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या, तिसरी व्हायची आहे. अडलंय ते तारखेवरच. मी अर्ज दिलाय, रोज सेक्रेटरीबाईंना फोन करते, आणि त्या उचलत नाहीत तेव्हा नातीच्या फोनवरून करते.

नातीने आजीला ओळ घासल्याचं कळवलं, तर उलट निरोप आला: बघायला येते. आली. एस.टी.ने, काठी टेकत, डोक्यावरून पदर घेऊन. पाटीसमोर उभी राहिली, खडबडीत ओळीवरून हात फिरवला, आणि मला विचारलं, “तुझं कंचं?”

मी पहिली ओळ दाखवली.

“ते कशाला ठेवलंस?”

इतकं सगळं करताना आपलं नाव खरवडावं हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं, हे मला तिथे, तिच्यासमोर उभी राहून कळलं. मी चाचरत म्हटलं, शेड मी आणली होती, चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

तिने विचार केला. खरोखरच केला, घाई न करता. “लिवलंस ते खरं हाय,” म्हणाली. “ऱ्हाऊ दे मग.”

आणि माझ्याशी बोलणं संपवून ती आत गेली. सेक्रेटरीबाई मागून धावल्या, पाहुण्यांनी आधी चप्पल काढायची असते, वहीत नोंद करायची असते, असं काही सांगत. तिने सांगितलेलं ऐकलंच नाही. मधोमध उभी राहून एक पाय त्या चकचकीत फरशीवर पुढे-मागे घासून बघितला.

“ही कुणी घातली? पोरं घसरत्यात का नाय इथं?”

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, घसरतात कधीकधी.

“मग चटया आणा. जाड. आन् पाण्याचं पिंप दारामागून काढा, पोर बुडंल.”

सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी वही उघडली आणि लिहून घेऊ लागल्या.